कुंडलिकच्या कंदिलाबाबत

मी, भगवंत गेणभाऊ घोडे, वय ६१, निवृत्त आरोग्य निरीक्षक, राहणार निमगाव सावा, तालुका जुन्नर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. मला आवाज ऐकू येतात हे डॉक्टरांना माहीत आहे. तरी डोके शाबूत असल्याचा दाखला त्यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे.

१. गावातले घर पत्नी साळुबाईने हयातभर वापरावे. तिच्यामागे ते मुलगा ऋषी याला मिळावे, पण कलम ३ची अट पाळली तरच. मोरी पुन्हा कोणी फोडू नये. पाणी ओतले की खालून खोकला येतो म्हणून मी ती दोनदा फोडायला लावली. साळुबाई म्हणते, "अवो, खोकला मोरीत न्हाई, तुमच्या कानात हाय." तिचे खरे आहे.

२. नकाशांची गुंडाळी नात श्रेया हिला. मी एकतीस वर्षे जिथे नोकरी केली त्या शहराचा स्वच्छता आराखडा मी २००४ साली केला. घंटागाड्यांचे रस्ते, कचरा डेपो, गटारे, एकूण एक मैलाटाकी त्यात आहे. पहिलेच कलम असे की टाकीत माणूस उतरणार नाही. पालिकेच्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि नेमके तेवढे कलम पुढच्या वर्षावर ढकलले. ढकलणाऱ्यांवर माझा राग आहे, पण तो मला शोभत नाही.

३. आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून सोडतात. विझला तर कोणी उतरत नाही. हे मला वडिलांनी शिकवले आणि मी सफाई कामगारांना. १२ मार्च २००२ रोजी तपासणी समिती यायची होती आणि बाजारातल्या शौचालयाची टाकी तुंबलेली. कामगार कुंडलिकने कंदील सोडला, वर ओढला.

"सायब, इझला."

मी म्हणालो, "वाऱ्यानं इझला असंल. उतर, गाड्या नाक्यावर आल्यात."

झाडाचे पान हलत नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले, चपला कडेला नीट काढून ठेवल्या आणि उतरला. एकदाच खोकला.

अहवालात मी लिहिले, दारू पिऊन, हुकूम नसताना उतरला आणि गुदमरून मेला. कुंडलिकच्या गळ्यात माळ होती, त्याने दारूला कधी हात लावला नाही. माझ्या त्या ओळीमुळे त्याच्या बायकोला, सोनीबाईला, त्याच्या जागी नोकरी मिळाली नाही. वर दारुड्याची बायको हे नाव मिळाले.

ऋषीने हे कलम त्याच टाकीपाशी, सोनीबाईसमोर मोठ्याने वाचावे. पुटपुटू नये. तो म्हणतो, "आण्णा, मेल्यावर कशाला अब्रू घालवता?" बाळा, अब्रू कुंडलिकची गेली आहे. मी तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा तिने तांब्याभर पाणी दिले. ते पिऊन मी परत आलो. मी भित्रा आहे.

४. येडगावची दहा गुंठे जमीन सोनीबाईला. तिने नाकारली तर आग्रह करू नये.

५. माणूस जातो त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात. माझ्या जागी कुंडलिकचा कंदील ठेवावा. माळ्यावर गोणपाटात आहे. काच मी पुसलेली नाही. तो मधेच विझला, तर वाऱ्याने विझला असे कोणी म्हणू नये.

वरील सर्व पुन्हा वाचून, साक्षीदारांदेखत सही केली.

भगवंत गेणभाऊ घोडे
निमगाव सावा, दि. ९ जानेवारी २००८

साक्षीदार:
१. खेमचंद मुथ्था, दुकानदार (सही)
२. प्रयागबाई घोडे, शेजारी (डावा अंगठा, वाचून दाखवले)