साबणाच्या डबीएवढा कॅमेरा

।। श्री ।।

यवतमाळ,
१० नोव्हेंबर २०२४

चि. आभास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मामाचं पत्र पाहून घाबरू नकोस. घरात सगळे, म्हणजे आम्ही दोघे, ठीक आहोत. फोन सोडून पत्र लिहायला बसलो याचं कारण माझे कान. फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की स्वयंपाकघरात तुझ्या मामीला आणि अंगणात भांडी घासणाऱ्या मानीबाईला सगळं कळतं. माझं व्हॉट्सॲपही मामीच उघडते. तेव्हा उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर टाक. तिथल्या नागोरावांना सांगून ठेवलं आहे. या वयात मी काही भानगड केली आहे असं त्यांना वाटतंय. वाटू दे.

मामीच्या कानापुढच्या गाठीचं तुला ठाऊक आहेच. गाठ साधी निघाली, पण काढावी लागणार. साखर आटोक्यात आणायला नागपूरच्या डॉक्टरांनी दोन महिने दिलेत आणि १३ जानेवारी तारीख ठरली आहे. तुझ्या आईला सांगितलं नाही ते असं, की चेहरा हलवणारी नस त्या गाठीतूनच जाते. डॉक्टर म्हणाले, जपून करू, पण एका बाजूचं हसू जाऊ शकतं. कधी परत येतं, कधी नाही. मामी तिथल्या तिथे म्हणाली की अर्धं उरलं तरी पुष्कळ झालं. मी मात्र परतताना कळंब येईपर्यंत एसटीच्या खिडकीबाहेरच बघत होतो.

घरी येऊन अल्बम काढले. बेचाळीस वर्षांच्या संसारात मामीचा हसतानाचा एकही फोटो नाही. दात पुढे आहेत म्हणून शाळेत कोणीतरी चिडवलं, तेव्हापासून फोटो म्हटला की ओठ घट्ट मिटलेले, आणि हसू आलं की पदर तोंडावर. मोबाईलवर मी चोरून काढले तर संध्याकाळपर्यंत पुसलेले असतात. विचारलं तर म्हणते, असे कायले ठेवायचे.

म्हणून मला रोलचा कॅमेरा हवा आहे. त्यातलं पुसता येत नाही. बुशशर्टाच्या खिशात मावेल आणि दिवसभर जवळ बाळगता येईल असा. हसू काही वर्दी देऊन येत नाही. तू अजून रोलवर फोटो काढतेस म्हणून तुझ्याशिवाय कोणाला विचारू? तेरा तारखेच्या आत तिचं एक पूर्ण हसू मला हवं आहे.

उत्तराची वाट पाहतो. मामावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा
कमलाकरमामा

---

।। श्री ।।

पुणे,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
आभाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. मामीच्या हसण्याचं मला काहीच ठाऊक नव्हतं. आईला सांगणार नाही, पण तुम्ही सांगायला हवं.

आता कॅमेरा. इथल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात अख्खा शनिवार घालवला. तीन बाजूला ठेवायला सांगितले आहेत. एक काळा, सरकत्या झाकणाचा. त्यात रोल अंगठ्याने पुढे सरकवायचा, त्यामुळे आवाज अगदी कमी. पण समोरचा माणूस किती अंतरावर आहे ते आपणच चकती फिरवून ठरवायचं. दुसरा झूमवाला. फोटो दुरून काढता येतील, पण बटण दाबलं की त्याचं नाक घर्रघर्र करत बाहेर येतं, आणि तो खिशात ठेवला तर तुमचा बुशशर्ट एका बाजूला लोंबेल. तिसरा पातळ, रुपेरी. अंतर स्वतः मोजतो, उघडला की लगेच तयार. मात्र फोटोनंतर त्याची मोटर रोल गुंडाळताना आवाज करते, आणि दर वेळी उघडल्यावर फ्लॅश आठवणीने बंद करावा लागतो.

चष्म्यासकट डोळा लावून दिसायला हवं, तुमचा हात किती स्थिर आहे, सेल यवतमाळात मिळतील की नाही, हे सगळं बघावं लागेल. आणि कॅमेरा खिशात ठेवून वावरायला जमतं का, हे आधी आजमावा. माझी एक मैत्रीण असाच हौसेने घेऊन आली, आता तो तिच्या कपाटात असतो.

एक विचारू? रागावू नका. मामीला नको असलेला फोटो तिच्या नकळत काढणं बरोबर आहे का? ती पुसते तो तिचा हक्कच आहे. मला उत्तर सापडलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

मामीला नमस्कार सांगता येणार नाही, तो मनातल्या मनात सांगा. तुमचा लोभ माझ्या वाट्याला असाच येत राहो.

तुमची
आभा

---

।। श्री ।।

यवतमाळ,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. आभास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालीस तसं आजमावून पाहिलं. प्रवासातली साबणाची डबी घेतली, तिच्यात वाळू भरली, किराणा दुकानाच्या काट्यावर दोनशे ग्रॅम करून घेतली आणि पाच दिवस खिशात ठेवून हिंडलो. वाकताना दोनदा पडली. मग खिशाला आतून एक बटण लावलं, आता पडत नाही. तिसऱ्या दिवशी मामीने डबी पाहिली आणि वाचनालयात आंघोळीची सोय झाली काय म्हणून विचारलं. मी हात धुवायला साबण नेतो म्हणालो.

तिसराच घे. चकतीवाला मला पसंत होता, आवाज नाही म्हणून. पण अंतर ठरवीपर्यंत हसू संपलेलं असेल. सार्वजनिक बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं नकाशे आणि टिपणं सांभाळली, घाईत अंदाज करायचा माझा स्वभाव नाही. यंत्राला ठरवू दे. हात थोडा कापतो, दाराच्या चौकटीला टेकवीन.

तुझ्या प्रश्नाने मात्र झोप उडवली. बरोबर नसेलही. पण तिला विचारायचं तर का हवा ते सांगावं लागेल, आणि सांगताना मी रडलो तर? ती हसून सगळं निभावते आहे. मी घाबरलो आहे हे तिला दिसलं तर तिचा धीर सुटेल. मला भीती वाटते आभा, हे तुझ्याजवळ लिहितो, दुसरीकडे बोलता येत नाही.

लवकर पाठव. तुझ्यावरचा जीव आहे तो आहेच.

तुझा
कमलाकरमामा

---

।। श्री ।।

पुणे,
६ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबत कॅमेरा. दोन सेल, एक रोल भरलेला. छत्तीस फोटो, जपून. समोर भिंगाच्या वरच्या बाजूला दोन बारीक काचा आहेत, त्यांतून तो अंतर मोजतो. त्यांवर बोट ठेवू नका. रोल संपला की तो आपोआप मागे गुंडाळला जाईल, मग काढून मला पाठवा. मोटरचा आवाज झाला की खोका.

घाबरलात तर मला लिहा. रात्री-बेरात्री फोन केलात तरी चालेल, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं तरी. आशीर्वाद असू द्या.

तुमची
आभा

---

।। श्री ।।

यवतमाळ,
२६ डिसेंबर २०२४

चि. आभास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रोल पाठवतो आहे. फत्ते!

पहिले दोन दिवस दर फोटोला खोकलो. तिसऱ्या दिवशी मामीने अडुळशाचा काढा सुरू केला, इतका कडू की जीभ वाकडी होते. तो अजून चालू आहे. समोरच्या त्या दोन काचा उन्हात चकाकत होत्या, म्हणून त्यांवर जखमेला लावतात ती पट्टी लावून टाकली. तू बोट ठेवू नका म्हणाली होतीस, ते तंतोतंत पाळलं.

मी आता दिवसभर तिच्या आसपास असतो. ती तूर निवडते तेव्हा उंबऱ्यावर बसतो. भाजीवाल्याशी घासाघीस करते तेव्हा फाटकाशी उभा राहतो. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण ती भाजीवाल्याला अशी दमात घेते हे मी आत्ता पाहिलं. मानीबाई तिला म्हणाली म्हणे, सायेबाले काय झालं वो, काहून घरातच राह्यतेत?

मागच्या रविवारी राळेगावला तिच्या माहेरी गेलो होतो. भगवानराव, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, यांनी अंगणात तुरीच्या शेंगा उकडल्या. माझ्या पहिल्या दिवाळसणाची गोष्ट निघाली, मी ऐटीत कापसाच्या ढिगावर बसलो आणि कमरेपर्यंत आत गेलो ती. दोन्ही हात शेंगा सोलण्यात गुंतलेले, पदर घ्यायला हात मोकळा नाही. आणि मामी हसली. मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी दोन हातांवरून तीन फोटो काढले. हात कापला नाही.

सगळे मोठे करून पाठव. माझं काम झालं. तू केलंस, तुला काय देऊ ते कळत नाही. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
कमलाकरमामा

---

।। श्री ।।

पुणे,
४ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे स्पीड पोस्टाने पाठवते आहे, कारण दिवस कमी आहेत. मामा, फोटो आले नाहीत. म्हणजे आले, पण मामी त्यांत धुरकट आहे. तिच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची एकादशी वाचता येते. भगवानमामांच्या घरावरचं कौल न कौल मोजता येतं. आणि पुढे मामीच्या जागी नुसती वाफ. त्या पट्टीने कॅमेरा आंधळा झाला. अंतर कळेना, म्हणून तो दर वेळी लांबचंच बघत राहिला. बोट नको म्हणजे काहीच नको, हे मी लिहायला हवं होतं. चूक माझीही आहे. दुकानात उभी राहून रडले, तुम्हाला खोटं का सांगू.

सगळ्या छोट्या प्रती सोबत आहेत, स्वतःच बघा. दोन मात्र एकदम स्पष्ट आहेत. त्यांत तुम्ही आहात! बनियनवर, दूर बांधावर, भगवानमामांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने हसताय. लांबून काढलेत म्हणून नीट आले. तुम्ही तर ते काढलेले नाहीत. तुमचा बुशशर्ट तेव्हा कुठे टांगला होता, आणि शेजारी कोण बसलं होतं, ते आठवा.

मामीला ठाऊक आहे. आता लपवण्यात अर्थ नाही. नऊ दिवस आहेत. नवा रोल सोबत ठेवला आहे. पट्टी काढा, आणि तिच्याकडे मागा. रडू आलं तर रडा.

तुम्हा दोघांवरही माझा तेवढाच जीव आहे.

तुमची
आभा

---

।। श्री ।।

यवतमाळ,
९ फेब्रुवारी २०२५

चि. आभास,
मामीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर हसून घे. गाठ गेली. नस तुटलेली नाही, पण डावी बाजू सध्या झोपली आहे. डोळा मिटत नाही, चहा ओठाच्या कोपऱ्यातून सांडतो. डॉक्टर म्हणतात सहा महिने वाट बघा. बघते आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे वाचनालयातून भर दुपारी परतले. पत्र, फोटो आणि तो कॅमेरा माझ्या पुढ्यात ठेवला आणि पाठ करून तुळशीपाशी उभे राहिले. खांदे हलत होते. मी म्हटलं, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कपडे धुवायच्या आधी बेचाळीस वर्षं यांचे खिसे मी रिकामे करते, आणि यांना वाटतं साबणाच्या डबीवर मी विश्वास ठेवला. काढासुद्धा मुद्दाम कडू केला होता.

गप्प का राहिले ते सांगते. हे कधी माझ्याकडे असं बघत बसले नव्हते. आधी ऑफिस, मग पेपर. महिनाभर मी तूर निवडायची आणि यांनी उंबऱ्यावर बसून बघायचं, हे मला सोडवेना. चोरून फोटो काढल्याचा राग आला नाही का, म्हणशील. आला होता. पण त्यापेक्षा ते बघणं हवं होतं. राळेगावला यांचा बुशशर्ट खाटेवर पडला होता, मीपण दोन काढून घेतले. म्हटलं आपल्याजवळही असावेत.

मग नवा रोल घालून ते मला अंगणात बसवायचे. सहा दिवस. वाळू भरलेल्या डबीचं सांगून हसवलंसुद्धा, पण हसू आलं की हात आपोआप पदराकडे जायचा. पन्नास वर्षांचा हात तो, ऐकेना. मी फार प्रयत्न केला गं. तेरा तारीख उजाडली आणि ते पूर्ण हसू काही यांना मिळालं नाही. दवाखान्यात आत नेताना हे खिशावर हात ठेवून उभे होते, तेवढं मला दिसलं.

आता काम सांगते. राळेगावचा तो धुरकट फोटो, शेंगांचा, तो मोठा करून पाठव. हे नको म्हणतात, चेहराच दिसत नाही म्हणतात. मी म्हटलं, सकाळी उठून चष्मा लावायच्या आधी तुम्हाला मी अशीच तर दिसते.

दुसरा फोटो सोबतच्या रोलमध्ये आहे. परवा मी चहा पीत होते, तो सांडला. मानीबाई म्हणाली, बाई, मायी नात दात यायच्या आंधी अशीच पेत होती. मला हसू फुटलं. अर्धंच, एका बाजूचं. आणि हात जागेवरच राहिला, का ते मलाही कळलं नाही. हे समोर होते, खिशात कॅमेरा होता, पण यांनी काढला नाही. मला वाईट वाटेल म्हणून मान खाली घातली. मी म्हटलं, काढा. हे म्हणाले, बरी झालीस की काढू. मी म्हटलं, आत्ता काढा.

पट्टी आहे का तेही मी आधी बघून घेतलं. नव्हती.

तर आभा, दोन्ही फोटो एकाच चौकटीत बसव. दुसरा स्पष्ट आला असेल, तो तसाच ठेव, कॉम्प्युटरवर सारखा करू नकोस. यांना वाटतं, मी नंतर मागे लागेन, फाडून टाका म्हणेन. पुसता येत नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच तर काढायला लावला.

तुझ्या आईला मी सगळं सांगितलं आहे. एकदा येऊन जा. मामामामीला विसरू नकोस.

तुझी
शुभदामामी