बशीएवढा लाल ठिपका

प्रिय भोंग्या,

रागावू नकोस. ऑफिसात तुला सगळे साहेब म्हणत असतील, पण जन्मलास त्या दिवशी असा काही भोंगा लावलास की दवाखान्यातली नर्स कानात घालायला कापूस शोधत पळाली, आणि तुझे बाबा म्हणाले, नाव काय ठेवायचं ते नंतर बघू, तूर्त हा भोंग्याच. नंतर नाव चांगलं ठेवलं, पण पत्रावर मी हेच लिहिणार. पाकीट सूनबाईने फोडलं असेल तर तिनेही खुशाल वाचावं. तीही तुला रागात काय म्हणते ते मला ठाऊक आहे.

तू पाठवलेली खोकी पोचली. दोन पोरं आली, जिन्यावरून वर चढवून भिंतीशी रचून गेली, आणि जाताना म्हणाली, महिनाअखेरीला ट्रक येईल आजी, तोवर भांडीकुंडी भरून ठेवा. म्हणजे मी घर बंद करून कायमची तुझ्याकडे यायचं आणि खालचा गाळा ट्रंकवाल्याने रिकामा करायचा. सगळं ठरलं. आणि फोनवर मीच 'हो' म्हणाले, असं तू त्या पोरांनासुद्धा सांगितलंस. म्हणाले खरी. नातही माझ्यावर रुसलीय असं सूनबाईच्या मेसेजात होतं. या दोन्ही गोष्टींकडे येते, पण आधी इथल्या शाळेच्या पोरांनी काय धुमाकूळ घातला ते वाच, नाहीतर खोक्यांचं काय झालं ते तुला समजायचं नाही.

चौकापलीकडच्या शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई आल्यात. त्यांनी मुलांना काम दिलं की आपल्या वस्तीत पर्यावरणाचा कुठला त्रास आहे तो हिंडून शोधा. एका टोळीला कचरा मिळाला, एकीला गटार, आणि आपल्या गल्लीत जी टोळी आली तिला आवाज. बिचारी हिरमुसली होती. गटारात निदान बेडूक तरी असतात. टोळीची म्होरकी एक काडीपैलवान मुलगी, चष्मा सारखा नाकावरून घसरतोय, पण तोरा असा की मी पहिल्याच दिवशी तिचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. एकाच्या हातात फोन, त्यात आवाज मोजायचा काटा. तिसरा अगदी चिमुरडा, त्याच्याकडे गोल चिकटपट्ट्या. हिरवी म्हणजे शांत, पिवळी म्हणजे चालेल, लाल म्हणजे कानाला वाईट. दारोदार जायचं, काटा बघायचा आणि चौकटीवर ठिपका चिकटवायचा.

गल्लीत नुसती गंमत. शिंपी मशीन बंद करून हाताने काज करत बसला, हिरवा मिळावा म्हणून. दातांच्या डॉक्टरला पिवळा मिळाला, तर तो म्हणे, हा माझा नाही, पेशंटचा आहे. वकिलाच्या घरी हिरवागार. कोर्टात छत उडवतो म्हणतात, पण घरी बायको बसलेली असते ना! आपल्या दारावर अर्थातच लाल. खाली ट्रंकवाला पत्रा ठोकत होता, कापायचं मशीन घरघरत होतं, काटा थयथय नाचला. ट्रंकवाल्याने हातोडा खाली ठेवला आणि म्हणाला, "चिकटवा बाबांनो, लपवण्यासारखं काय आहे?" मला मात्र राग आला. मी इन्स्पेक्टरला म्हटलं, "ट्रंक काय कुजबुजत ठोकायची असते का गं?" ती म्हणाली, "आजी, आम्ही रागवत नाही, आम्ही फक्त मोजतो." मुलगी बोलते मात्र छान, समोर उभं राहून, ओठ मोकळे सोडून. तुझ्यासारखं मिशीत पुटपुटत नाही. ती मिशी एकदा काढून टाक बघू, आईचं म्हणणं म्हणून तरी.

तुला त्या ठोकाठोकीचा वैताग येतो, माहितेय. पण भोंग्या, तू त्याच आवाजात वाढलास. बाबा आणि ट्रंकवाला जोडीने काम करायचे, वर तू पाळण्यात गाढ. सुट्टीच्या दिवशी खाली शांत असलं की मात्र टक्क जागा. मग बाबा बिचारे पाळण्याशेजारी रिकामी ट्रंक उपडी घालून चमच्याने टकटक करत बसायचे. बाबा गेल्यावर पहिल्या सकाळी खालून हातोड्याचा आवाज आला नाही, तेव्हा मला खरं कळलं काय झालंय ते. तेराव्या-चौदाव्या दिवशी कधीतरी ट्रंकवाल्याने गाळा उघडला, पहिला ठोका घातला, आणि मी उठून चहा टाकला. असो. हे विषयाला सोडून झालं.

तर बाईंनी पोरांना सांगितलं की गाळा बंद असतानाही एकदा मोजा, म्हणजे फरक कळेल. म्हणून सुट्टीच्या दिवशी टोळी पुन्हा आली. गाळ्याला कुलूप, मशीन गप्प. पोरांनी जिन्याखाली उभं राहून फोन वर धरला, आणि काटा आदल्या वेळेपेक्षाही पुढे! इन्स्पेक्टरचा विश्वास बसेना. तिने फोन झटकला, फुंकला, दुसऱ्याचा फोन घेतला. तरी तेच. मग तिघं दबकत दबकत वर आली. आणि बघतात तर काय, जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर मी आणि तिच्या लगतच्या खालच्या पायरीवर ट्रंकवाला, हातात चहाचे कप, आणि दोघं जीव खाऊन ओरडतोय. चिमुरडा तर रडायलाच लागला, "भांडू नका ना!" अरे, भांडण कुठलं! त्याचा गुडघा दुखतो, तो म्हणत होता तेल लावतो, मी म्हणत होते गरम पाण्याची पिशवी घे. आम्ही रोजच अशा गप्पा मारतो. ट्रंकवाल्याची बायको म्हणते, "मी कशाला येऊ तिकडे, मला घरी बसून सगळं ऐकू येतं." पोरांचं तोवर गल्लीभर विचारून झालं होतं की वरची आजी आणि खालचे काका रोज कशावरून भांडतात, आणि गल्लीने सांगितलं होतं, हवापाण्यावरून.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर एकटीच आली. फोन नाही, ठिपके नाहीत. हातात सायकलची घंटी. म्हणाली, "आजी, एक खेळ खेळू. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा, घंटी ऐकू आली की हात वर करा." मी म्हटलं, चल. आणि बरोब्बर वेळेला हात वर करत गेले, एकदासुद्धा चुकले नाही. कशी चुकेन? समोर कपाटाची काच होती, तीत तिचा अंगठा स्वच्छ दिसत होता. पण पोरगी बनेल. तिने इकडे तिकडे पाहिलं, दोरीवरचा माझाच टॉवेल काढला आणि काचेवर लटकवला. म्हणाली, "आता खेळू." बसले. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, कंटाळून गेली वाटतं घरी. वळून बघते तर माझ्या खांद्यापाशी उभी, हाताच्या अंतरावर, अंगठ्याने घंटी वाजवतेय, वाजवतेय, आणि चष्म्याआड डोळे भरलेले. मी म्हटलं, "घंटी बिघडलीय तुझी." ती म्हणाली, "हो आजी, बिघडली असेल." आणि घंटी खिशात ठेवून माझ्याशी चहा प्यायली. घरी तिला चहा देत नाहीत, तेव्हा तू कुठे बोलू नकोस.

मग शाळेत सभा झाली. भिंतीवर गल्लीचा हा भला मोठा नकाशा, घराघरावर ठिपके, आणि आपल्या घरावर बशीएवढा लाल. खाली लिहिलेलं, 'तपास चालू आहे'. इन्स्पेक्टरने नाव घातलं नव्हतं. पण लोकांना तपास कशाला हवाय? समोरचे पेन्शनर उठले, म्हणाले ट्रंकवाला हलवा. मग शिंपी म्हणाला, हलवाच. ज्याला हिरवा ठिपका हाताने काज करून मिळाला, तो! पालिकेचा माणूस आला होता, तो कागद पुढे करून सह्या घ्यायला लागला. इन्स्पेक्टर माझ्या शेजारी बसून, तोंड माझ्याकडे करून, एकेक वाक्य मला परत सांगत होती. ट्रंकवाला शेवटच्या बाकावर टोपी पिळत बसला होता. हातोडा हातात नसला की त्या माणसाला हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.

मी उठले. म्हटलं, "सह्या नंतर करा. हा ठिपका त्याचा नाही, माझा आहे. त्याचं मशीन संध्याकाळी थांबतं, मी थांबत नाही. मला ऐकू कमी येतं. आणि ज्याला ऐकू कमी येतं त्याला वाटतं, बाकीचे लाजून हळू बोलतायत, आपणच जरा मोकळं बोलावं." सभेत एकदम शांतता. माझं भाषण जमलं म्हणून नव्हे. टेबलावर पोरांचा फोन चालू होता, आणि त्याचा काटा लालच्या पार पलीकडे जाऊन चिकटला होता. चिमुरडा धावत आला आणि त्याने माझ्या खांद्यावर लाल ठिपका लावला. मग जे काही हसले लोक! पेन्शनरसुद्धा. पालिकेच्या माणसाने कागद घडी घालून खिशात ठेवला.

पण बाई हुशार. म्हणाल्या, आजींचा आवाज आजींचा, तरी पत्र्याचाही आहेच, त्याला आपण उपाय शोधू. मग सगळी टोळी गाळ्यात. मशीनभोवती लाकडी चौकट, आत जुन्या गाद्या, ऐरणीखाली जाड रबर. आणि गाद्यांच्या मागे घालायला जाड पुठ्ठा हवा होता. इन्स्पेक्टरने वर येऊन भिंतीशी रचलेली खोकी पाहिली आणि विचारलं, "आजी, ही लागणार आहेत का?" भोंग्या, तुझी खोकी फार मजबूत होती रे. चांगल्या दर्जाची. आता त्यांचं मशीनला घर झालंय. काटा पिवळ्यावर आला, चिमुरड्याने स्वतः चौकटीवरचा लाल खरवडून पिवळा लावला, आणि ट्रंकवाल्याने तिघांना कंपासपेटीएवढ्या ट्रंका करून दिल्या, कुलपासकट.

आता तू म्हणशील, एवढं सगळं फोनवर सांगता आलं नसतं का? इन्स्पेक्टर म्हणाली, फोनवर लिहून पाठवा. पण फोनवर काही लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस. आणि बोलायचं म्हटलं तर तिथेच सगळी गोम आहे. गेले कित्येक महिने फोनवर तू काय बोलतोस त्यातलं मला अर्धंसुद्धा कळत नाही. समोरच्याचे ओठ दिसले की मी निभावून नेते. फोनला ओठ नाहीत. म्हणून तू थांबलास की मी 'हो' म्हणते, हसलास की हसते, आणि मध्येच 'जेवलास का' विचारते. नातीने कविता म्हटली तेव्हा ती श्वास घ्यायला थांबली, आणि मी संपली समजून टाळ्या वाजवल्या. ती रुसली ते त्यावर. आणि त्या दिवशी तू पुष्कळ वेळ बोललास, शेवटी थांबलास, मी म्हटलं, 'हो रे, चालेल'. कशाला चालेल, ते मला खोकी दारात आल्यावर कळलं. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, बघ, त्या ठोकाठोकीने कान गेले, आता तरी ये. थोडे गेले, हे तुझं खरं. बाईंनी मला डॉक्टरकडे नेलं, कानाचं मशीन सांगितलंय, लवकरच येईल. तेव्हा ट्रकवाल्याला नको म्हणून सांग, आणि तू ये. नातीला आण, तिला पूर्ण कविता म्हणू दे, माझ्या उजव्या कानाशी, तो बरा आहे. मग तू समोर बस, मिशी काढलेली असेल तर उत्तम, आणि तो प्रश्न पहिल्यापासून विचार. लाज न बाळगता, जन्मलास तेव्हासारखा भोंगा लावून विचार. उत्तर बहुतेक 'नाही'च असेल. पण या वेळी ते प्रश्न ऐकून दिलेलं असेल.

तुझीच,
खांद्यावरचा ठिपका अजून न काढलेली,
आई