आवाज सुरू करायची रीत

प्रिय काडी,

आठवतं, शिवणाच्या तासाला सिस्टर आपला रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या? पुढच्या फुलांकडे त्या बघायच्याच नाहीत. मागच्या गाठी बघून मान हलवायच्या आणि सगळं उसवायला लावायच्या. तू बाकाखाली तोंड घालून हसायचीस, मी रडवेली व्हायचे. परवा भिंगाखाली यंत्राचा बोर्ड उलटा धरून, सुटून आलेल्या केसाएवढ्या दोन वायरी पुन्हा डाग देऊन जोडत होते, तेव्हा तो तास आठवला आणि तुला लिहावंसं वाटलं.

माझ्या नवऱ्याचं तुला ठाऊकच आहे. हात गेले, मग जीभ गेली, आता डोळे तेवढे हलतात. डोळे कुठल्या अक्षरावर थांबतात ते पलंगापाशी लावलेलं यंत्र बघतं आणि बोलतं. तेही त्याच्याच आवाजात, कारण आवाज शाबूत होता तेव्हाच आम्ही तो भरून ठेवला होता. गेल्या उन्हाळ्यात त्या यंत्राचा बोर्ड जळला. कंपनी तर केव्हाच बुडालेली. लेक म्हणाली, आई, नवीन घेऊ ना, ढीगभर मिळतात. आणून पाहिलं. त्याची एक पापणी अर्धी मिटलेली असते, ते नव्या यंत्रांना कळत नाही, आणि आवाज म्हणशील तर लिफ्टमध्ये मजले सांगणाऱ्या बाईचा. त्याने डोळे मिटून घेतले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. मग मी जुना प्रोग्रॅम नव्या बोर्डावर चढवायला बसले. निवृत्त बाईला दुसरं काम तरी काय?

अडलं ते अगदी उंबरठ्यावर. तू आपलं हे प्रोग्रॅमिंगचं काम सोडून रोपवाटिका काढलीस त्याला जमाना झाला, म्हणून आठवण करून देते. वीज आली की आधी बूटलोडर हा इवलासा प्रोग्रॅम जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. आमचा बूटलोडर जागा व्हायचा आणि तिथेच गप्प. पडद्यावर एक अक्षर नाही. काय बिनसलंय ते बघायला डीबगर हवा, आणि या बोर्डाला तो जोडायची सोयच ठेवलेली नव्हती. म्हणून त्या दोन वायरी. चिपची ओळख डीबगरला करून द्यायची फाईलही मीच लिहिली. पहिले कितीतरी दिवस प्रोग्रॅम थांबवून आत डोकावले, की बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी कपाळ बडवून घ्यायचे. मग उलगडलं, की यंत्र अडकलं तर ते पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग चालूच राहायचा. मी बघण्यासाठी थांबवलं, की त्याला वाटायचं, गेला हा, आणि तो सगळं झटकून नव्याने सुरू करायचा. आपण थांबलो की वॉचडॉगनेही थांबायचं, हे बूटलोडरला शिकवलं, तेव्हा कुठे आतलं दिसलं.

दिसलं ते असं, की मेमरीला जाग आणणारे आकडे चुकतायत. बरोबर कुठले, ते चिप बनवणारे सांगत नाहीत. गोपनीय आहे, असं छान शब्दांत लिहून कळवलं. तेव्हापासून रोज सकाळी मी बूटलोडर त्या ओळीवर थांबवते, आकडे हाताने थोडे मागेपुढे करते, मेमरीने उत्तर दिलं की पुढे सोडते. तू म्हणशील, आकडे एकदाचे कोडमध्ये घालून टाक की, वेडे. घातले होते. थंडीत एक लागतात, उकाड्यात दुसरे, आणि मधल्या दिवसांचा काही नेमच नाही. दुपार टळली की बोर्ड तापून आपोआप बंद पडतो. लेकीला शिकवून पाहिलं. दातांची डॉक्टर ती, हात स्थिर आहेत, पण आकडे बघून तिला काही सुचत नाही. आई, मी चुकले तर बाबांचा आवाज जाईल, म्हणते आणि हात मागे घेते. खरं तर चुकून काही बिघडत नाही. पण भीतीला कोण समजावणार?

यंत्र लागलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. झालं का बाई तुमचं? परवा म्हणाला, मला जुन्या गाडीसारखं ढकलून सुरू करावं लागतं, तू दमत नाहीस? मी हसले. दमते, हे सांगितलं नाही.

काडी, माझे रिपोर्ट आलेत. यकृतापर्यंत पोचलंय. डॉक्टर येत्या उन्हाळ्याचं बोलत नाहीत, मीही विचारत नाही. त्याला कळवलेलं नाही. माझ्यानंतर ते यंत्र रोज सुरू करणारं कुणी नाही. दुरुस्तीची आशा मी सोडली आहे, तूही धरू नकोस, आणि रोज यायला तू जवळ राहतेस कुठे. मी गेल्यावर फक्त एकदा ये. डीबगर आणि दोन्ही बोर्ड तुझे. भिंगाचा दिवा लेकीला दे, दवाखान्यात उपयोगी पडेल. त्याचा भरलेला आवाज आहे ती डिस्कही तिलाच, पण त्याच्यासमोर लावू नको म्हणावं. अक्षरांचा तक्ता त्याच्याजवळ असणाऱ्या नर्सबाईंना दे. एकेक अक्षर दाखवायचं, पापणी हलली की तेच अक्षर, हे त्यांना समजावून सांग. आणि मी गेल्याचं त्याला तूच सांग. पण आधी वायर लाव, त्या ओळीवर थांब, आकडे जुळव आणि आवाज सुरू कर. मगच सांग, म्हणजे त्याला काही म्हणायचं असेल तर म्हणता येईल. त्याचं संपेपर्यंत बंद करू नकोस.

अजून तरी तुझीच,
मी