शेणामातीतली सोन्याची घडी

बाबा, घडी अजून माझ्याच हातात आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव टांगणीला नको. काचेला आडवी चीर गेली आहे, कडेच्या सोन्याला पोचे आले आहेत, आणि मागच्या झाकणाच्या खाचेत शेण वाळून बसतं ते मी बाभळीच्या काट्यानं उकरून काढते. आज सकाळी ही घडी हातात असतानाच मी गोठा काढला, अंगण सारवलं, म्हशीचं दूध काढलं आणि मग कापसाच्या पऱ्हाटीत निंदणाऱ्या बायांच्या ओळीत जाऊन बसले. तुम्ही असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. "अवं पोरी, सोनं हाय ते सोनं! शेनात घालते का कोनी?" हे वाक्य मला तुमच्या आवाजात पाठ आहे, कारण ते तुम्ही काही एकदाच म्हणाला नाहीत. तर हो, घालते. शेणात घालते, चिखलात घालते, कडब्याच्या धुळीत घालते. करा काय करायचं ते.

घडी वाचायला मला तुम्हीच शिकवलंत, हे मात्र तुम्ही सोयीनं विसरलात. आपल्या जऊळक्याला रेल्वे नवी नवी आली होती. तुम्ही वाशिमला निघालात की मी मागे लागायची, आणि तुम्ही मला ठेसनापर्यंत न्यायचे. तिथं भिंतीवर ते परातीएवढं घड्याळ. तुम्ही मला कडेवर उचलून दाखवताहात, "हा मोठा काटा म्हंजे गडी, धावत राह्यते. हा लहाना म्हंजे मालक, जागचा हालत नाई." बाकावर बसलेला कोणी म्हातारा हसून म्हणाला, "पोरीले घडी शिकवून का करता बुवा? चुलीजवळ का घडी टांगनार हाय?" तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाही. "शिकू द्या ना. कोनाचं काय जाते?" म्हणालात, आणि मला विचारलंत, आता सांग किती वाजले. मी बरोबर सांगितलं. तुम्ही मला फुटाणे घेऊन दिले. मला त्या दिवसापासून वाटायचं की माझ्या बापाला जगात कोणाची भीती नाही.

मग माझं लग्न. त्या साली कापसाला असा भाव होता की ज्याच्या त्याच्या घरी सोनार बसलेला. तुमचे जावई जेवणाच्या पाटावर रुसून बसले. रीतच ती, जावयानं रुसायचं आणि सासऱ्यानं मनवायचं. बाकीचे जावई अंगठीवर मानतात, फार तर गाय मागतात. यांनी मागितली हातावरची सोन्याची घडी, विलायती, अकोल्याच्या वकिलाच्या हातात पाहिलेली. तुम्ही हो म्हणालात, कारण मांडवात नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलंच नाही. पुढं दिवाळसणाला मी माहेरी आले, आई परातीत कणीक मळत होती, आणि तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. पाटल्या नव्हत्या. जिथं त्या असायच्या तिथं कातडीचे दोन गोरे पट्टे होते, बाकीचा हात उन्हानं काळा. मी विचारलं तर म्हणाली, "बरं झालं वं, कनिक अडकत होती." दुसऱ्या दिवशी तुम्ही जावयाच्या हातावर मखमलीची डबी ठेवलीत. मला बाकी काही कोणी सांगायची गरज पडली नाही.

यांना त्या घडीचं कौतुक भारी, पण वापर शून्य. जवळच्या मालेगावच्या बाजाराला जाताना तेवढी घालायची, आल्या आल्या फडक्यानं पुसायची, डबीत, डबी पेटीत, पेटीला कुलूप. वावरात कधी नेली नाही. "तिले धूय लागन ना," म्हणायचे. आणि गंमत सांगू का बाबा, त्यांना ती वाचताच येत नव्हती. लग्नाच्या आधी तुम्ही पोराचं शेत पाहिलंत, बैल पाहिलेत, हे नाही पाहिलंत. बाजारात कोणी वेळ विचारली की मनगट पुढं करायचे आणि म्हणायचे, "पाहून घ्या ना." मला कळलं तेव्हा मी हसले, आणि ते खरोखरच रुसले, मांडवातल्यासारखं खोटं नाही. मग मी भाकरी थापता थापता त्यांना शिकवलं. गडी आणि मालक, तुमचेच शब्द. चुलीपुढं बसून ते बोट फिरवत बसायचे, आणि मी तव्यावरची भाकर उलटून विचारायची, "आता सांगा." चुलीजवळ घडी टांगली बरं का, त्या ठेसनावरच्या म्हाताऱ्याला कळवा.

कापसाच्या वेचणीत त्यांना ताप भरला आणि आठवडाही काढला नाही. मूलबाळ नव्हतं. सासू-सासरे आधीच गेलेले, भावाभावांच्या वाटण्याही झालेल्या. बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा तुम्ही ओसरीवर खांबाकडे तोंड करून बसला होतात. दिवस झाले, लोक पांगले. एक दिवस मी पेटी उघडली. डबीत घडी होती तशी, नवी कोरी, एक ओरखडा नाही. माझं असं डोकं फिरलं म्हणून सांगू! घडीला जपलं, जपलं, आणि जपणारा माणूस मातीत गेला. ज्याला धूळ लागू द्यायची नव्हती ते सोनं चकचकीत बसलं होतं. मी चावी दिली, कानाला लावली, चालू लागली. तशीच हातात बांधली आणि वावरात गेले. वेचणाऱ्या बाया बघतच राहिल्या. एक जण म्हणाली, "अवो बाप्पा, मालकीन सायबीन झाली!" मी म्हटलं, झाली, आता बोंडं नीट वेचा.

तिचा विलायती पट्टा घामानं पहिल्याच उन्हाळ्यात कुजला. मी मालेगावच्या चांभाराकडून बैलाच्या तोंडावरच्या मोहरकीचं कातडं लावून घेतलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, घडीले शोभनार नाई." मी म्हटलं, हाताला शोभलं म्हणजे झालं. काचेची चीर ढवळ्या बैलाच्या शिंगाची. तिफन धरणाऱ्याला वेळेवर सोडायचं, पाणी देणाऱ्यांच्या पाळ्या बदलायच्या, सगळं मी तिच्यावर पाहून करायची, आणि गडीमाणसं कुरकुर करत नव्हती, कारण घडी मालकिणीची असली तरी काटा कोणाच्या बापाचा नव्हता. लोक म्हणायचे एवढी महागाची वस्तू, कशी आदळते आपटते! अहो, महागाची म्हणूनच. जिच्यासाठी आईचे हात मोकळे झाले ती वस्तू पेटीत झोपा काढायला आणली होती का? खुरप्यानं काम करावं, बैलानं करावं, बाईनं करावं, आणि सोन्यानं तेवढं मखमलीवर लोळावं?

आता त्या दिवसाचं. यांचे थोरले भाऊ, माझे भासरे, पाटलाकडे गेले आणि म्हणाले, बाईच्या हातात सोनं आहे, विधवेचा हात रिकामा पाहिजे, आणि घडी तर पुरुषमाणसाची, भावाची, ती भावाकडे आली पाहिजे. पाटलानं चार माणसं बसवली, तुम्हालाही बोलावणं धाडलं. मला दिसत होतं की हे घडीवर थांबणारं नाही. आज घडी काढली की उद्या म्हणणार, उन्हात कशाला हिंडता, वावर आम्ही पाहतो, आणि परवा मी त्यांच्या चुलीमागं दळत बसलेली. पाटलाच्या ओट्यावर सगळे बसलेत, मी दाराआड पदर ओढून उभी आहे. मला वाटत होतं, माझा बाप आलाय, आता तो म्हणेल, घालू द्या ना, कोनाचं काय जाते? तुम्ही उठून दाराशी आलात. तळहात पुढं केलात. "काढ ते. दे इकडं. बापाची इज्जत राख."

मी तुमच्या तळहाताकडे पाहत राहिले. मग माझ्या तोंडून निघालं ते निघालं. भासऱ्यासमोर बोलायची रीत नाही, तेव्हा मी रीत पाळली. म्हटलं, "बाबा, भासऱ्यांले एक विचारून सांगा. हे घडी म्हंजे बांगडी हाय का मशीन हाय?"  पाटील म्हणाला, "विचारा ना बुवा, पोरगी विचारून राह्यली." तुम्हाला विचारावं लागलं. भासरे फिसकन हसले, "बांगडी कायची? मशीन हाय ते." मी म्हटलं, "मंग विचारा, इधवेनं मशीन वापरू नाई असं कोन्त्या पोथीत हाय?" तेही तुम्हाला विचारावं लागलं, खाली मान घालून, अडखळत. भासऱ्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "हातात घातली म्हंजे दागिनाच झाला ना तो!" मी म्हटलं, "बाबा, त्याइले विचारा, मंग बाईचा दागिना त्याइले कायले पाह्यजे?" हे तुम्ही विचारलं नाही. गरजच उरली नव्हती, ओट्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. आधी पाटील हसला, मग बाकीचे, आणि भासरे पागोटं सावरत उठले. त्यांनाही घडी वाचता येत नव्हती, ते मी बोलले नाही. माणसाची तेवढी तरी इज्जत ठेवावी.

सगळे हसत होते तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते. तुमची मिशी जराशी हलली असं मला वाटलं. पण तुम्ही वळलात, दमणी जुंपायला सांगितलीत आणि माझ्या घरचं पाणीही न पिता निघून गेलात. मी भाकरी करून ठेवली होती, झुणका होता. पुढं तुम्ही आला नाहीत, आणि वर्ष उलटायच्या आत तुम्ही गेल्याचाच निरोप आला. तुमच्या दिवसाला आले तेव्हा आई म्हणाली, तुम्ही जऊळक्याच्या ठेसनावर जो भेटेल त्याला सांगायचे, "माही पोरगी कोनाच्या बापाचं ऐकत नाई." कसं सांगायचे, रागानं की कौतुकानं, असं मी तिला खोदून खोदून विचारलं. तिला सांगता येईना. कोणाच्या कशाला, तुमच्या पोरीनं खुद्द तिच्या बापाचंच ऐकलं नव्हतं, बाबा, आणि ऐकलं नाही म्हणून आज माझं वावर माझं आहे. यंदा पऱ्हाटी कमरेला लागली आहे, तूर धरली आहे. भासरे आता म्हातारे झाले, दिसत नाही त्यांना. परवा बांधावरून मला हाका मारून विचारत होते, "किती वाजले वो?" मी त्यांच्या पोराकडं तोंड करून सांगितलं. रीत म्हणजे रीत.

पण सांगितलं ते सूर्याकडे पाहून. हेच तुम्हाला लिहायला बसले होते, आणि इकडचं तिकडचं लिहीत बसले. घडी बंद आहे. काही वर्षांमागं विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात हात घातला आणि त्या चिरेतून पाणी आत गेलं. काटे तेव्हापासून हललेले नाहीत. मी मनगट वर करते, घडीकडे पाहते, मग हळूच सावलीकडे पाहते आणि वेळ सांगते. वाशिमला घडीवाल्याकडे नेली होती. त्यानं झाकण उघडून पाहिलं, म्हणाला, होईल दुरुस्त, पंधरा दिवस ठेवून जा. मी पट्टा सोडला होता. माझं मनगट त्याच्या फळीवर उघडं पडलं होतं, काळ्या हातावर एक गोरा पट्टा, आईच्या होता तसा. पंधरा दिवस हा हात असा घेऊन हिंडायचं? मी घडी उचलली, बांधली, आणि गावाकडं निघाले.

आता भासऱ्यांच्या डोक्यात आलं आणि त्यांनी विचारलं, की बंद पडलेल्या मशीनला काय म्हणायचं, तर मी काय सांगू? विचारणार नाहीत, त्यांना ठाऊकच नाही. गावात कोणालाच ठाऊक नाही. हा कागद मी त्या मखमलीच्या डबीत घालून ठेवते आहे, इतकी वर्षं रिकामीच पडली होती, तिलाही काही काम लागू दे. पाटलाच्या ओट्यावर मी मशीन म्हटलं ते खोटं नव्हतं. पण पेटी उघडून पहिल्यांदा ती हातात बांधली, तेव्हा मला वेळ पाहायची नव्हती. मला बांगड्यांची फार हौस होती, बाबा.