अर्जाचं मागचं पान

साहेब,

अक्षर डाव्या हाताचं आहे, चालवून घ्या. उजव्याचा अंगठा आणि शेजारचं बोट छापखान्यातल्या कटिंग मशीनने नेलं. त्याची भरपाई मिळाली. ती मी अर्जात प्रामाणिकपणे 'उत्पन्न' म्हणून लिहिली आणि तुम्ही माझी महिन्याची मदत बंद केलीत. सूनबाई म्हणाली, "बाबा, एका झटक्यात श्रीमंत झालात की!"

मी मात्र भडकलो. बोटं जागेवर होती तेव्हा कुणी ती माझी मालमत्ता म्हणून मोजली नव्हती, गेल्यावर बरी मोजली! हेच सुनावायला आज तावातावाने तुमच्याकडे आलो. तुम्ही माझा अर्ज काढलात आणि पान उलटलंत. मागे ठळक रकाना होता: 'इजेची भरपाई (उत्पन्नात धरली जाणार नाही)'. कोराच.

"हे पान पाहिलं नाहीत?"

"चष्मा विसरलो होतो," मी म्हणालो. तुम्ही हसलात, मदत पुन्हा सुरू केलीत, वर चहा पाजलात.

साहेब, खोटं बोललो. अर्ज भरताना चष्मा नाकावरच होता. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, पण तुमचं ते एक पान काही उलटेना. मागे रांग होती, "जरा उलटून द्या" म्हणायची लाज वाटली. तुमची दहाही बोटं शाबूत असून तेव्हा तुम्हीही उलटलं नव्हतंत, पण ते असो.

हे पत्र पाठवणार नाही. मात्र पाठपोट लिहिलंय, आणि पान मीच उलटलंय.

आपला,
आठ बोटांचा बाइंडर