यंदाच्या गौरी

भाईंदर (पूर्व)
५ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप मनोरमा वन्संना,
सुचेताचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र गणपतीच्या आदल्या दिवशी हातात पडलं. नव्या तेलानं गुडघ्यांना आराम आहे हे वाचून बरं वाटलं. कानाचं यंत्र मात्र लावत जा. तुमचे शेजारी काशीनाथराव फोनवर ह्यांना सांगत होते, ते डबीतच असतं म्हणून. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा सगळं लिहूनच कळवते आहे. एका अर्थी माझ्यासाठी ते सोपं आहे.

इकडे पाऊस अजून हटत नाही. ह्यांचं ब्लडप्रेशर गोळ्यांवर बरं आहे. आमच्या बिल्डिंगचं रंगकाम निघालंय, त्यामुळे गॅलरीत बांबू आणि हिरवी जाळी. घरात दिवसाही दिवा लावावा लागतो.

तुम्ही विचारलंत, गौरी नीट होतील ना, कुलाचारात काही राहणार नाही ना. काही राहिलं नाही. सासूबाईंचे पितळी मुखवटे चिंच लावून घासले. पहिल्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, घावन-घाटलं, सोळा भाज्या, तिसऱ्या दिवशी शिदोरीचा दहीभात. केवडा केबिन रोडवर मिळेना, तो फुलवाल्याकडे आदल्या दिवशी सांगून ठेवला होता. साड्या नव्या होत्या, एक हिरवी आणि एक जांभळी. जूनमध्येच आणून ठेवलेल्या. दरवर्षी त्या कोण आणतं ते तुम्हाला माहीत आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, “क्षितिजाचं दोन महिने एक अक्षर नाही. सासरी रमली की आत्यावर रुसली? गौरीला आली की तिचे कान धर.”

वन्सं, उभ्या असाल तर बसा. काशीनाथरावांच्या घरातल्या कुणाला तरी जवळ बोलवा आणि मग पुढे वाचा.

आपली क्षितिजा गेली. आषाढात. ताप आला, ती म्हणाली पावसात भिजले म्हणून असेल. दोन दिवस ऑफिसलाही गेली. मग डेंग्यू निघाला. काशीमीऱ्याच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवली होती. तिचा उदय पायाशी बसून असायचा, रक्तासाठी त्याचे मित्र धावत होते, डॉक्टरांनीही काही करायचं बाकी ठेवलं नाही. मी तिला विचारलं, काय खावंसं वाटतं. म्हणाली, घाटलं. मी म्हटलं, गौरी येऊ देत, मग पोटभर खा. ती हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

तुम्हाला कळवलं नाही ते तुमच्या छातीच्या दुखण्यामुळे. हे म्हणाले, अक्का तिकडे एकटी आहे, कागदावर वाचून तिनं काय करायचं, मी स्वतः जाऊन सांगतो. तेव्हापासून पिशवी भरतात आणि दोन दिवसांनी कपडे परत कपाटात ठेवतात. आज मीच लिहायला बसले. त्यांना सांगितलेलं नाही.

तिच्या सासरच्या, राईतल्या बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली. मळवट भरला. मला पुढे करून म्हणाल्या, आई, ओटी भरा. मी भरली. मागून कुणीतरी म्हणालं, नशीबवान, सवाष्ण गेली. मला वळून बघायचं होतं कोण ते, पण वळले नाही.

मग सुतकाचं निघालं. गुरुजींनी ह्यांना सांगितलं, लग्न झालेली मुलगी, तुम्हाला तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी आंघोळ केली की देवाधर्माला मोकळे. सासरी मात्र वर्षभर सण नाही. मला आधी नीट समजलंच नाही. नऊ महिने पोटात, सव्वीस वर्षं घरात, आणि मला तीन दिवस. गुरुजींनी शास्त्र सांगितलं, त्यांचा काय दोष.

भाद्रपद जवळ आला तसे नातेवाइकांचे फोन सुरू झाले. तुम्हाला अडचण नाही, कुलाचार मोडू नका. हे चिडून म्हणाले, यंदा आमच्याकडे गौरी नाहीत, ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. वन्सं, तेव्हा मीच म्हणाले, आणायच्या. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. पण गौर म्हणजे काय? आईकडे तीन दिवस राहायला येणारी लेक. ती येणार हे माहीत असताना दार लावून कसं घ्यायचं? आणि खरं सांगते, मला कुणाला तरी जेवायला वाढायचं होतं.

साड्या नेसवायला बसले. कापडाचे हात भरले, खांदे सारखे केले, निऱ्या घातल्या. जांभळी थोरलीला नेसवून झाली. हिरवी हातात घेतली आणि माझे हात थांबले. ह्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि धाकटीला स्वतः नेसवली. निऱ्या वेड्यावाकड्या झाल्या. मी तशाच ठेवल्या.

दरवर्षी क्षितिजा राईहून यायची आणि मुखवटे तीच उंबऱ्यातून आत आणायची. यंदा शेजारच्या सुलूनं आणले. ती बिचारी घाबरलेली. मी पुढे हळदीकुंकवाची पावलं काढत होते, हे ताट वाजवत होते. “गौर आली, कशाच्या पावलांनी?” “सोन्याच्या पावलांनी.” स्वयंपाकघर दाखवलं, देवघर दाखवलं. पाहुणीला घर दाखवायचं ना सगळं. आतल्या खोलीच्या दाराशी सुलू थांबली, मला चालेल का म्हणून. मी दार उघडलं. तिचा पलंग, तिची कॉलेजची पुस्तकं. तिथे म्हणायचं असतं, इथे धनधान्य भरपूर आहे. माझ्या तोंडून निघालं, “ही तुझी खोली.” सुलूनं मुखवटे सगळ्या खोलीभर फिरवले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. धाकट्या गौरीची ओटी भरताना खण, नारळ, तांदूळ हातात घेतले आणि कळलं, दोन महिन्यांत हिरव्या साडीतल्या लेकीची मी दुसऱ्यांदा ओटी भरते आहे. आरती ह्यांनी एकट्यानं म्हटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्षितिजाच्या सासूबाई आल्या. राईच्या दुर्गाबाई. लग्नात तुम्हाला त्यांची भाषा कळत नव्हती आणि तरी पंगतीत दोघी तासभर बोलत बसला होतात, त्याच. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “ईनबाय, आत येव का? आमचं वरसाचं हाय.” मी हात धरून आत घेतलं. त्या गौरींपासून लांब, भिंतीला टेकून बसल्या, हात पदराखाली.

गौरी हलवायची वेळ झाली. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. हे अक्षता घेऊन उभे राहिले. मी धाकटीच्या खांद्याला हात लावला आणि तो हात मला हलवता येईना. हे म्हणाले, सुचेता, मुहूर्त टळेल. मी म्हटलं, टळू दे, हिला पाठवायची नाही. लहान मुलाची समजूत घालावी तसं ते म्हणाले, “अगं, पुढच्या वर्षी येणारच आहे ती.”

“ही येईल,” मी म्हणाले. “माझी येणार नाही.”

आषाढापासून हे वाक्य मी एकदाही ओठांवर आणलं नव्हतं. ह्यांनी अक्षता परत ताटात ठेवल्या आणि खाली जमिनीवर बसले. तुमचा भाऊ मोठ्यानं रडताना मी आजवर बघितला नव्हता.

दुर्गाबाई भिंतीशी बसूनच बोलल्या. “तुमाला तीन दिस आन् आमाला वरीस, ह्यो हिशोब कोनी केला मना ठाव न्हाय. पन हिला ठेवून ती मिलायची न्हाय, ईनबाय. मी रोज तिच्या खोलीचं दार उघरून बगते.”

मी विचारलं, “बघून काय करता?”

“बंद करते,” त्या म्हणाल्या.

मग मी उठले. थोरलीला हलवलं, मग धाकटीला. मला वाटलं होतं, छातीत काहीतरी फुटेल. काही झालं नाही. गौरीच्या बांगड्या एकमेकींवर वाजल्या, तेवढंच. ह्यांनी बसूनच अक्षता टाकल्या.

दुर्गाबाई निघताना मी पुरणपोळ्यांचा डबा भरून दिला. दरवर्षी क्षितिजा न्यायची. त्यांनी नको म्हटलं नाही. उदय खाली गेटपाशी मोटारसायकल घेऊन उभा होता, वर आला नव्हता. जाळी बाजूला करून मी पाहिलं. त्यानं डबा आईच्या हातातून घेतला आणि उघडला. तिथेच, रस्त्यात उभं राहून एक पोळी खाल्ली. मग आईला मागे बसवून गेला.

वन्सं, एवढंच आहे. तुम्ही माझ्यावर रागवाल, कळवलं नाही म्हणून. रागवा. पुढच्या वर्षी गौरी आणाव्यात की नाही ते तुम्ही सांगा, तुम्ही मोठ्या आहात. मला विचाराल तर आणायच्या. माझा देवीवर राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. पण ती लेक म्हणून येते. तिला आत घ्यायला दारात कुणीतरी हवं.

ह्यांना घेऊन मीच पुढच्या आठवड्यात आंजर्ल्याला येते. पिशवी मी भरीन. जेवणाचं काही करू नका. आम्हाला नुसतं तुमच्याजवळ बसायचं आहे.

तुमची,
क्षितिजाची आई