निर्धोक लाकूड

३ मार्च

श्री. भाऊजींना,
स. न. वि. वि.

...त्या रविवारी मी ह्यांचे वखारीतले कपडे नेहमीसारखे वेगळ्या बादलीत भिजवले, हिरवट पाणी मागच्या कुंपणाशी ओतलं, भांडी घासली आणि आंघोळीचं पाणी ठेवायला गेले, तर मोठं पातेलं जागेवर नाही. तुमच्या दादांनी त्यात लाकूड उकळत ठेवलेलं. लोकांच्या घरी जेवण शिजतं आणि आमच्या घरी ओंडका, असं मी बोलले. तर म्हणाले, मीठ तेवढं घालू नकोस, मासे मरतील.

तुमच्या छोटीच्या माशांच्या काचेच्या पेटीसाठी लाकूड कसं निवडायचं, असं तुम्ही विचारलंत, म्हणून हे आठवलं. त्यांची पद्धत सांगते. नदीने वाहून आणलेलं, वर्षानुवर्षं पडून वाळलेलं कठीण लाकूड घ्यावं. नखाने दाबून खूण उमटली तर टाकून द्यावं. साल, चीक, रंग, खिळा काही नको. समुद्राकाठचं नको, त्यात मीठ मुरलेलं असतं. मग चांगलं उकळायचं आणि बादलीत बुडवून रोज पाणी बदलायचं. पाण्याला चहाचा रंग यायचा थांबला आणि लाकूड आपणहून तळाशी बसलं, की झालं. पेटीत ठेवायला मात्र मला हाक मारायचे. माझे हात नकोत, म्हणायचे. मी म्हणायचे, आळस.

माझी थोरली एक तारखेला तुमच्या वखारीत कामाला यायचं म्हणून आनंदात आहे. माझं मन धजत नाही. वाळवी लागू नये म्हणून फळ्या बुडवतात, त्या औषधाच्या हौदाजवळ तिला उभं करणार नाही ना, एवढं कळवा. ह्यांची फुप्फुसं विडीने गेली, औषधाने नव्हे, असं दवाखान्यात तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत. विडी तर ह्यांनी लग्नाच्या वर्षीच सोडली होती. पण तुम्ही मुकादम, तुम्हाला जास्त कळणार, म्हणून मी गप्प बसले.

छोटीला पापा. माया पातळ होऊ देऊ नका.

वहिनी

१४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ग्रंथालय वाचून संपवलंत, आता एखादं पुस्तक तुम्हीच लिहा! छोटी तुमचं पत्र दप्तरात घेऊन फिरते.

थोरलीची काळजी नसावी. हौदाच्या काठावर उभं राहून बाहेर निघालेल्या फळ्या मोजायच्या, बस्स. वर छप्पर आहे, ऊन लागायचं नाही. दादाही तिथेच होता, म्हणजे घरचीच जागा. औषधाचं तुम्ही उगाच मनात धरून बसलात. माणसाला त्याने काही होत नाही. दादाचे गमबूट मी जपून ठेवले होते, ते सोबत पाठवतो. थोरलीला मोठे होतील, पुढे कापूस भरावा.

लाकडासाठी रविवारी छोटीला घेऊन नदीवर गेलो होतो. वखारीच्या वरच्या अंगाला, थेट पुलापलीकडे. पायांचे तुकडे पडले. तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, दारात लाकडाचे ढीग असताना ही पायपीट कशाला? बाईला कोण समजावणार! वखारीतला तुकडा पेटीत टाकला तर सकाळी एकजात सगळे मासे उलटे तरंगतील. पोरीने ते बघायचं का? पण मनासारखं लाकूड काही मिळालं नाही. जे मिळालं ते नखाला मऊ. पुन्हा जाईन.

आमच्या डोक्यावरचा हात काढू नका.

आपला,
भाऊजी

२२ मार्च

भाऊजींना नमस्कार. विनंती, विशेष काही नाही.

तुमचं पत्र आणि बूट परवा एकत्रच आले. पत्र मी थोरलीला मोठ्याने वाचायला दिलं. बुटांपाशी ती हसली, बाबांचे पाय केवढे होते म्हणाली. मग माशांच्या ओळीवर आली आणि थांबली. ती ओळ तिने पुन्हा मनात वाचली. पत्राची घडी करून माझ्या हातात दिली आणि पेटीतल्या माशांना खाणं घालायला उठली.

दवाखान्यात तुमची जीभ अडखळली नव्हती, भाऊजी. छोटीच्या मायेत मात्र खरं लिहून गेलात. तिला मेलेले मासे दिसू नयेत म्हणून तुम्ही पुलापलीकडे पाय झिजवले. माझ्या माणसाला खोकून खोकून वाकलेलं तुम्ही रोज बघत होतात, आणि त्याला हौदावर पाठवत होतात.

ह्यांचे हात पेटीत का नकोत, ते मला आत्ता कळलं. त्यांना ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक होतं. ते कपडे रोज हाताने धुणारी मीच तेवढी अडाणी राहिले, एवढी पुस्तकं वाचून. तुमच्यावरचा राग ठेवायला मला जागा आहे. ह्यांच्यावरचा कुठे ठेवू?

थोरली येणार नाही. आम्ही राहायचो त्या घरात आता तुम्ही आहात. मागच्या कुंपणाशी, जिथे मी ते पाणी ओतायचे, तिथे अजून गवत उगवत नसेल. छोटीला तिथे खेळू देऊ नका. माझं एवढंच मागणं आहे, लोभाचं नाही.

काल सकाळी मी ह्यांच्या पेटीतलं लाकूड बाहेर काढलं. माशांच्या कितीतरी पिढ्या त्याच्या आडोशाला वाढल्या, ते निर्धोक आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलं. बूट वर्तमानपत्रात बांधले. एकाला दुसरं लागू नये म्हणून दोन पार्सलं केली आणि पोस्टात टाकून आले, लाकूड छोटीच्या नावाने आणि बूट तुमच्या.

वहिनी